डिफोचे ‘द स्टॉर्म’ : हौशी निरीक्षणाची कसोटी

शरद ऋतू म्हटला की आपल्याला आठवते ते निरभ्र आकाश आणि कोजागरीचे चांदणे. इंग्लंडमधल्या शरदाचे रूप मात्र अगदी निराळे आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिथले पानगळीचे दिवस. याच दिवसांत अटलांटिक महासागरावरून कमी दाबाची आवर्ते एकामागून एक येऊ लागतात आणि आठवडेच्या आठवडे पाऊस व वारा यांचा मारा चालू राहतो. त्यामुळे परसात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी पाणी मोजणारी, भिंतीवरच्या वायुदाबमापकाचा आकडा वहीत टिपून ठेवणारी हौशी मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आढळतात. ही मंडळी हवामानशास्त्रज्ञ नव्हेत. कोणी पाद्री, कोणी डॉक्टर, कोणी शाळामास्तर, कोणी जमीनदारीण. त्यांच्या नोंदींना विज्ञानात किती किंमत द्यायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या शाळेतील मुलांनी ठेवलेल्या पावसाच्या वहीलाही तोच प्रश्न लागू पडतो, म्हणून शिक्षकांनी त्याचा विचार करायला हवा.

या विचारासाठी आम्ही एक जुने पुस्तक निवडले आहे. डॅनियल डिफो हा लेखक आपल्याला ‘रॉबिन्सन क्रूसो’मुळे माहीत असतो. ती कादंबरी १७१९ ची. तिच्या १५ वर्षे आधी, म्हणजे १७०४ साली, त्याचे ‘द स्टॉर्म’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १७०३ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडवर कोसळलेल्या भीषण वादळाची ती हकिकत आहे. वादळाला ३०० वर्षे झाली त्या सुमारास, २००३ साली, रिचर्ड हॅम्ब्लिन यांनी संपादित केलेली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि पुस्तकाकडे पुन्हा लक्ष गेले. वृत्तपत्रीय लेखनाचा आरंभीचा नमुना म्हणून त्याची वाखाणणी नेहमी होते. ती योग्यच आहे. पण आमच्या मते या पुस्तकाची खरी परीक्षा दुसरीकडे आहे. वैज्ञानिक नोंद म्हणून ते कितपत टिकते? काही ठिकाणी ते उत्तम टिकते आणि काही ठिकाणी साफ कोसळते. दोन्ही गोष्टी शिकण्याजोग्या आहेत.

वादळ आणि पुस्तक

प्रथम थोडी हकिकत. त्या नोव्हेंबरात सुमारे दोन आठवडे वारे जोरात वाहत होते, अधूनमधून पाऊस होता. २६ तारखेच्या रात्री वाऱ्याने कळस गाठला. मध्यरात्रीनंतर दक्षिण इंग्लंडमध्ये धुराडी कोसळू लागली, कौले उडाली, वेस्टमिन्स्टर अॅबीच्या छपरावरचा शिशाचा पत्रा गुंडाळला गेला. टेम्स नदीत नांगरलेली शेकडो जहाजे दोर तुटून एकमेकांवर जाऊन आदळली. गुडविन या समुद्रातील वाळूच्या दांड्यांवर आरमाराची चार जहाजे बुडाली आणि हजारांहून अधिक खलाशी मेले. एडिस्टनचे दीपगृह वाहून गेले; ते बांधणारा हेन्री विन्स्टन्ली त्या रात्री आतच होता.

डिफो त्या महिन्याच्या आरंभीच तुरुंगातून सुटला होता. वादळानंतर काही दिवसांतच वृत्तपत्रांतून एक जाहिरात आली. ज्यांनी ज्यांनी या संकटाचे काही निरीक्षण केले असेल त्यांनी, विशेषतः धर्मोपदेशकांनी, आपापल्या भागाची स्पष्ट हकिकत लिहून पाठवावी, अशी तीत विनंती होती. साठेक पत्रे पुस्तकात आली. गावाचे नाव, तारीख आणि पुष्कळदा लिहिणाऱ्याचे नाव, अशी ती छापली आहेत. भाषेचे ओबडधोबडपणही डिफोने बहुतेक तसेच राहू दिले. लेखक म्हणून त्याला ती सजवण्याचा मोह झाला नसेल असे नाही. पण त्याने तो आवरला, आणि पुस्तकाचे सर्वांत मोठे वैज्ञानिक मूल्य इथेच आहे. मूळ नोंद व तिच्यावरचे भाष्य वेगळे राहिल्यामुळे आज ३०० वर्षांनंतरही आपण नोंद ठेवून भाष्य बाजूला सारू शकतो.

मोजलेले, पाहिलेले, मानलेले

पुस्तकातील विधानांचे तीन गट पाडता येतात: मोजलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि नुसते मानलेले.

मोजलेल्या गोष्टींत पहिला मान विल्यम डरहॅम यांच्या पत्राचा. हे एसेक्समधील अपमिन्स्टर गावचे पाद्री. त्यांनी रॉयल सोसायटीला लिहिलेले पत्र डिफोने पुस्तकात घेतले आहे. त्यांच्याकडे वायुदाबमापक होता, पाऊस जमवून तो वजनाने मोजण्याची सोय होती, आणि वारा कुठल्या दिशेने आला हे ते रोज लिहीत. त्या रात्री त्यांच्याकडचा पारा २८.७२ इंचांपर्यंत उतरला. आजच्या एककात हा दाब सुमारे ९७३ हेक्टोपास्कल होतो. समुद्रसपाटीवरचा सर्वसाधारण दाब १०१३ धरला, तर ही घसरण किती मोठी होती हे ध्यानात येईल.

वाऱ्याचा वेग मोजण्याचे साधन डरहॅमपाशी नव्हते. ब्यूफर्ट मोजपट्टी यायला अजून १०० वर्षे होती. मग त्यांनी काय केले? फेब्रुवारी १६९९ मधल्या एका मोठ्या वादळाला १० अंश दिले, फेब्रुवारी १७०२ मधल्या दुसऱ्याला ९, आणि या वादळाला किमान १५. हा अंदाज आहे हे त्यांनी स्वच्छ सांगितले आणि कशाशी ताडून केला तेही सांगितले. मुलांना शिकवावी ती हीच रीत. ‘खूप वारा होता’ असे लिहिलेल्या वाक्याचा उपयोग नाही. ‘परवाच्या वाऱ्यापेक्षा जास्त, पण पोळ्याच्या दिवशीच्या वाऱ्यापेक्षा कमी’ या वाक्याचा आहे.

याच्या शेजारी खुद्द डिफोच्या घरचा प्रसंग ठेवून पाहा. वादळाच्या रात्री दहाच्या सुमारास त्याने आपला वायुदाबमापक पाहिला, तर पारा कधी नव्हे इतका खाली. त्याला वाटले, मुलांनीच नळी हलवली असावी! वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले हसतात. पण डिफोची शंका मुळीच मूर्खपणाची नव्हती. साधन एकच असेल आणि त्याने अनपेक्षित आकडा दाखवला, तर साधन बिघडले की निसर्ग बिघडला हे ठरवायचे कसे? उपाय एकच, दुसऱ्या ठिकाणचे दुसरे साधन. डरहॅमनी तेच केले. लँकॅशरमधील रिचर्ड टाउनली हे १६७७ पासून पाऊस मोजत होते. त्यांच्याकडेही वायुदाबमापक होता. डरहॅमनी दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दोन्हीकडे पारा एकाच सुमारास उतरला असेल, तर तो मुलांचा खोडसाळपणा असू शकत नाही.

पाहिलेल्या गोष्टींचा गट सर्वांत मोठा. त्यात एक उदाहरण आम्हाला विशेष आवडते. वादळानंतर ससेक्समध्ये समुद्रापासून सुमारे २० मैल आत प्रवास करणाऱ्या एका वैद्याने कुंपणाच्या झुडपांचे शेंडे खुडून चावून पाहिले. ते खारट लागले. ही बातमी ऐकून ल्युइस गावातील काही स्त्रियांनी वेलीवर उरलेली द्राक्षे चाखली. तीही खारट! कुरणातले गवत इतके खारावले होते की गुरे भूक अनावर होईपर्यंत त्याला तोंड लावेनात. इथे मापन नाही, पण परीक्षा आहे. एकाला शंका आली, त्याने तपासले. दुसऱ्यांनी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वस्तूवर पुन्हा तपासले. गुरांच्या वागण्याने तिसरा पुरावा दिला. वाऱ्याने समुद्राचे तुषार किती आत वाहून आणले याची ही नोंद कोणत्याही उपकरणाशिवाय झाली आहे.

कौलांच्या भावाची नोंदही अशीच कामाची. वादळाआधी एक हजार साधी कौले २१ शिलिंगांना मिळत. नंतर तो भाव ६ पौंडांवर, म्हणजे १२० शिलिंगांवर गेला. किती छपरे उडाली हे कोणी मोजले नव्हते, पण बाजाराने त्याचा अंदाज दिला. अर्थात असा पुरावा जपून वापरावा लागतो. भाव जवळजवळ सहापट झाला म्हणून सहापट छपरे उडाली असे म्हणता येत नाही. साठेबाजी आणि गवंड्यांची टंचाईही त्यात मिसळलेली असते.

पुस्तक कुठे कोसळते?

आता दोषांकडे वळू.

पहिला दोष जाहिरातीतच आहे. तिने संकटाच्या हकिकती मागवल्या. म्हणजे ज्याचे धुराडे पडले तो लिहिणार. ज्याच्या गावी काहीच झाले नाही तो टपालाचा खर्च कशाला करील? त्यामुळे पुस्तक वाचताना सगळा देश एकसारखा झोडपला गेला असा भास होतो. प्रत्यक्षात पत्रांचा मोठा भाग दक्षिणेकडचा आहे, आणि उत्तरेला वादळाचा जोर कमी होता. ते कळते टाउनलींसारख्या माणसामुळे, कारण ते वादळ असो वा नसो रोज नोंद करीत होते. नुकसान झाले नाही ही सुद्धा नोंदच असते. शाळेतील वहीत कोरड्या दिवशी शून्य लिहिले नाही, तर वर्षाअखेर तो दिवस कोरडा होता की निरीक्षक गैरहजर होता हे कळत नाही.

दुसरा दोष आकड्यांचा. डिफोने केंट परगण्यातून घोड्यावरून फिरत उन्मळलेली झाडे मोजली. १७,००० वर पोचल्यावर तो कंटाळला आणि त्याने मोजणे सोडले. वाचताना हा आकडा मनावर ठसतो. पण तो झाडांचा आकडा नव्हे, मोजणाऱ्याच्या दमाचा आकडा आहे. किती क्षेत्रातली झाडे मोजली, त्यात उभी राहिली किती, हे सांगितले नाही तर त्यावरून पुढे काहीच काढता येत नाही. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये तसेच मोठे वादळ झाले, तेव्हा सुमारे दीड कोटी झाडे पडल्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून १९८७ चे वादळ अनेक पटींनी मोठे होते असे म्हणणे सपशेल चूक ठरेल. १९८७ मध्ये झाडांवर अजून पाने होती, पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती, आणि मोजण्याची पद्धतही वेगळी होती.

मृत्यूंच्या आकड्याचेही तेच. आरमाराच्या जहाजांची आणि त्यांवरील माणसांची यादी पुस्तकात आहे. ती सरकारी दप्तरातून ताडता येते. समुद्रावर एकूण ८,००० माणसे मेली हा आकडा मात्र अंदाज आहे. पण छापताना दोन्ही आकडे सारखेच ठाम दिसतात. वाचकाला फरक सांगणे हे लेखकाचे काम होते, आणि ते डिफोने पुरेसे केलेले नाही.

तिसरा दोष कारणमीमांसेचा. वाऱ्याचे मूळ मानवी बुद्धीच्या पलीकडचे आहे, म्हणून वादळ हा ईश्वरी शक्तीचा थेट पुरावा, अशी त्याची मांडणी आहे. त्या काळी वाऱ्यांविषयीचे ज्ञान तुटपुंजे होते हे खरे. एडमंड हॅली यांचा व्यापारी वाऱ्यांचा नकाशा १६८६ चा, आणि त्या वाऱ्यांचे पृथ्वीच्या परिवलनाशी नाते सांगणारा जॉर्ज हॅडली यांचा निबंध १७३५ चा. तेव्हा कारण माहीत नसल्याबद्दल डिफोला दोष देता येणार नाही. दोष आहे तो ‘आज माहीत नाही’ यावरून ‘कधीच कळणार नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात तो स्वतःच एक चांगला तर्क मांडतो. अमेरिकेच्या फ्लॉरिडा-व्हर्जिनिया किनाऱ्यावर काही दिवस आधी मोठे वादळ झाल्याचे त्याच्या कानावर आले होते. तेच अटलांटिक ओलांडून आले असावे, असे त्याला वाटले. अशा वादळांचा पश्चिमेकडून पूर्वेकडे होणारा प्रवास आज सर्वमान्य आहे.

नोंदी पुढे कशा उपयोगी पडल्या?

पानगळीत उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश झपाट्याने थंड होतो, पण अटलांटिकच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून टिकून असते. थंड आणि उबदार दमट हवेतील तफावत वाढते, उंचावरचा जेट प्रवाह बळावतो आणि त्याच्या आधाराने कमी दाबाची आवर्ते तयार होतात. उत्तर गोलार्धात त्यांच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आत शिरतात. म्हणून आवर्ताचे केंद्र आपल्या उत्तरेकडून पूर्वेला सरकत असेल, तर वारा आधी दक्षिणेचा आणि मग पश्चिमेचा होतो. १८५७ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने याचा सोपा नियम सांगितला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब आपल्या डाव्या हाताला असतो.

हा नियम हाती आला आणि डिफोच्या पुस्तकातली साधी वाक्ये एकदम बोलू लागली. कुठल्या गावी किती वाजता वारा कुठून वाहत होता हे लिहिणाऱ्याला आवर्त म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, तरी त्याने नकळत केंद्राची दिशा सांगून ठेवली होती. ह्यूबर्ट लॅम व क्नूड फ्रिडेनडाल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तर समुद्रावरील ऐतिहासिक वादळांच्या अभ्यासात जुन्या नोंदींवरून अशा वादळांचे हवामान-नकाशे पुन्हा तयार केले आहेत. १७०३ चे वादळ त्यांत आहे. जुन्या नोंदी ताडताना तारखांचेही भान ठेवावे लागते. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी पंचांगपद्धती होती. त्यामुळे तिथली २६ नोव्हेंबर ही युरोपात इतरत्र ७ डिसेंबर होती.

साधनाची जागा हा आणखी एक मुद्दा. टाउनलींनी पावसाचे नरसाळे छपरावर बसवले होते आणि नळीने पाणी घरात आणले होते, म्हणजे भर पावसात बाहेर जायला नको! सोय उत्तम, पण १७६६-६७ मध्ये विल्यम हेबर्डन यांनी वर्षभर तीन उंचींवर पाऊस मोजला, तेव्हा जमिनीलगत सुमारे २२.६ इंच, घराच्या छपरावर १८.१ इंच आणि वेस्टमिन्स्टर अॅबीच्या मनोऱ्यावर १२.१ इंच भरले. उंचावर वारा जास्त, आणि तो थेंबांना नरसाळ्यात पडू न देता उडवून नेतो. म्हणजे वाऱ्यापावसाच्या दिवसांत, ज्या दिवसांची आपल्याला सर्वाधिक उत्सुकता असते, नेमका तेव्हाच गच्चीवरचा पर्जन्यमापक सर्वाधिक फसवतो.

सारांश, उत्साही माणसे पुरेशी नसतात; शिस्त लागते. १८६० मध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी ब्रिटनमधील पर्जन्यनिरीक्षकांचे जाळे विणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे १६८ ठिकाणच्या नोंदी होत्या. १९०० मध्ये ते वारले तोवर ही संख्या ३,००० च्या वर गेली. माणसे हौशीच राहिली, पण साधन कसे असावे, कुठे ठेवावे, किती वाजता वाचावे याचे नियम सर्वांना एक झाले. डिफोच्या पत्रलेखकांत आणि सायमन्सच्या निरीक्षकांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

अशा नोंदींचे पुढे काय होते याचे अलीकडचे उदाहरण द्यायला हवे. २०२० च्या मार्च महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, रीडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी लोकांना आवाहन केले की जुन्या हस्तलिखित पर्जन्यनोंदी संगणकात भरायला मदत करा. सुमारे १६,००० स्वयंसेवकांनी १६ दिवसांत ५० लाखांहून अधिक आकडे उतरवले. त्यामुळे ब्रिटनची मासिक पर्जन्यमालिका १८३६ पर्यंत मागे नेता आली आणि नोव्हेंबर १८५२ हा इंग्लंडच्या बऱ्याच भागांत सर्वांत ओला नोव्हेंबर होता असे दिसून आले. या कागदांत लेडी बेनिंग यांच्या १८३५ ते १८८७ पर्यंतच्या नोंदी आहेत. त्या नॉर्फकहून लंडनला मुक्कामाला गेल्या की पर्जन्यमापक बरोबर नेत. हवामानबदलाच्या अभ्यासासाठी आपण हे करीत आहोत याची त्यांना कल्पनाही नव्हती.

शिक्षकांसाठी

आपल्याकडे वादळांच्या आठवणींना तोटा नाही. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’, जून २०२० मधले ‘निसर्ग’ यांच्या हकिकती कोकणातल्या घराघरांत ऐकायला मिळतात. मुलांना वडीलधाऱ्यांकडून त्या लिहून आणायला सांगणे हा चांगला उपक्रम आहे, आणि तो करताना डिफोचे गुणदोष दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावेत. प्रत्येक हकिकतीवर गाव, तारीख व वेळ लिहावी. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. वारा कुठून आला, झाड किंवा पत्रा कोणत्या दिशेला पडला, हे आवर्जून विचारावे. ज्यांचे काहीच नुकसान झाले नाही त्यांनाही विचारावे. आणि शेवटी मुलांनीच प्रत्येक विधानापुढे लिहावे: मोजलेले, पाहिलेले की मानलेले.

रोजच्या पावसाची वही यापेक्षा रुक्ष, पण तिचे मोल अधिक. पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाडाभिंतींपासून दूर, जमिनीलगत ठेवावा. भारतीय हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचावा. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण वाचणार हे आधी ठरवावे. आमच्या पाहण्यात शाळांच्या नोंदी बुडतात त्या परतीच्या पावसात, कारण तेव्हा सुट्टी असते.

‘द स्टॉर्म’ शास्त्रीय ग्रंथ नाही आणि तसा वाचल्यास वाचकाची फसगत होईल. डिफोची प्रवचने आणि ढोबळ आकडे वजा करता येतात. वजा केल्यावर साठ गावांतली माणसे उरतात. आपल्या गावी त्या रात्री काय झाले ते जमेल तेवढे नीट सांगण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांच्यातल्या डरहॅमपाशी रोजची वही होती, म्हणून त्याचे सांगणे सर्वांत जास्त टिकले.